‘डॉक्टर, जुलाब होतायत’

(नौपाड्यात रुग्ण आणि नातेवाइकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मघाशी दारात बऱ्याच जणांशी हात मिळवला. दोघा-तिघांची पकड लगेच सुटेना, तेव्हा ते कसनुसं हसले. याला मायोटोनिया म्हणतात: स्नायू आवळतो, पण सैल व्हायला वेळ घेतो. हे ज्या आजाराचं लक्षण आहे त्या मायोटोनिक डिस्ट्रॉफीच्या, म्हणजे स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, अशा भागाबद्दल आज बोलायचंय, ज्याबद्दल घरातसुद्धा कुणी बोलत नाही: शौचावरचा ताबा. पुढच्या रांगेतल्या आजी, पदर तोंडाला लावलात तरी चालेल, उठून मात्र जाऊ नका.

मायोटोनिक डिस्ट्रॉफी १९०९ साली जर्मनीत हान्स स्टाइनर्ट यांनी मांडली. तिच्या पहिल्या प्रकाराचा दोष सापडला १९९२ साली, एकोणिसाव्या गुणसूत्रावर. तिथली डीएनएची तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा येतात आणि पुढच्या पिढीत ही संख्या बहुधा वाढते. म्हणून आईला चाळिशीत नुसता मोतीबिंदू होतो आणि मुलाला विशीतच जिना चढवत नाही.

आता मूळ मुद्दा. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतलं आपल्या हुकमात नाही, ते आपोआप बंद राहतं. बाहेरचं आपण आवळतो, लोकलमध्ये कळ आली की आवळतो तसं. हा आजार दोन्ही कड्यांना पकडतो, शिवाय आतड्यालाही मंद करतो. म्हणजे दार ढिलं आणि वाहतूक तुंबलेली, दोन्ही एकाच माणसाला.

माझ्याकडे एक गृहस्थ आले. ठाण्याहून विक्रोळीला कामाला जायचे. लोकलमध्ये संडास नाही, त्यामुळे सकाळी उपाशी निघायचे, तरी मुलुंडला उतरावं लागायचं. ते खाली बघत बसले होते, बोलत होत्या त्या त्यांच्या बायको: “डॉक्टर, जुलाब होतायत. कपड्यात होतं.” आधी कुठेतरी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्यानं त्रास वाढला. पोटावर हात ठेवला तर डावीकडे गोळे लागत होते. बोटानं तपासलं तर खडा.

मोरीच्या तोंडाशी फडकं अडकलं की पाणी कडेकडेनं झिरपतं ना, तसंच हे. कोंडलेल्या मळाच्या बाजूनं पातळ शौच गळत होतं. ते जुलाब नव्हते, बद्धकोष्ठ होतं. म्हणून या आजारात पोट तपासल्याशिवाय, बोटानं पाहिल्याशिवाय ती गोळी घेऊ नका. लाज डॉक्टरांनाही वाटते, हे मी मान्य करतो. पण ती त्यांची अडचण, तुमची नाही.

खरे जुलाबही काहींना होतात. मंद आतड्यात जिवाणू माजतात, पित्तातली आम्लं नीट शोषली जात नाहीत. त्यावर औषधं आहेत, पण ती वेगळी. म्हणून आधी निदान.

बद्धकोष्ठ असेल तर शौच मऊ ठेवणारी पावडर, पुरेसं पाणी आणि ठरलेली वेळ. नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हाच जाऊन बसा. भारतीय संडासावर बसून उठणं मांड्यांना झेपत नसेल तर कमोड घ्या आणि पायांखाली पाट ठेवा. इसबगोलाच्या मागे सगळे लागतात, पण पाणी कमी प्यायलात तर मंद आतड्यात तोच गोळा होऊन बसतो. मायोटोनियासाठी मेक्सिलेटिन देतात, मात्र आधी ईसीजी. कडं शिवून घ्यायची घाई नको: झिजलेला स्नायू शिवून बळकट होत नाही आणि या आजारात भुलीचा धोका मोठा आहे. कोणतीही शस्त्रक्रिया असो, भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगा.

ड्युशेन हा मुलग्यांना होणारा स्नायू झिजण्याचा दुसरा आजार, त्या मुलांचं थोडं निराळं. त्यांना बहुधा बद्धकोष्ठच असतं. कपड्यात झालं तर कित्येकदा कारण एवढंच, की खुर्चीतून वेळेवर उचलायला कुणी नव्हतं. त्याला औषध कसलं द्यायचं?

ते विक्रोळीवाले आता सकाळी नाश्ता करून, कमोडवर निवांत बसून मग निघतात. महिन्यातून एखाद्या वेळी अजूनही होतं, बॅगेत जास्तीची पँट असते. गेल्या वेळी बायको बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत ते एकटेच आले आणि स्वतःच म्हणाले, “डॉक्टर, मंगळवारी झालं.”