निवृत्तीच्या आधीची वर्षे

श्रोतेहो, नमस्कार.

पंचेचाळिशी उलटलेल्या आणि निवृत्तीला अजून दहा-पंधरा वर्षे अवकाश असलेल्या श्रोत्यांशी मला आज मुद्दाम बोलायचे आहे. या वयात ‘निवृत्त झाल्यावर बघू’ हे शब्द आपल्या बोलण्यात नकळत येऊ लागतात. वाचायची राहिलेली पुस्तके, शिकायचे राहून गेलेले वाद्य, वर्षानुवर्षे न भेटलेले मित्र, जोडीदाराशी निवांतपणे बोलायच्या गोष्टी, हे सारे आपण एका ठरावीक तारखेच्या पलीकडे नेऊन ठेवतो आणि तिच्या अलीकडची वर्षे कशीबशी रेटत राहतो. मला ठामपणे वाटते की निवृत्ती माणसाला फक्त मोकळा वेळ देते. त्या वेळात तो काय करणार, हे मात्र तोवर अंगवळणी पडलेल्या सवयींवरून ठरते. म्हणून जे पुढे करायचे आहे, त्याची सुरुवात लहान प्रमाणात का होईना, पण आताच व्हायला हवी.

निवृत्तीचे वय ही कल्पना मुळात फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८९ साली वृद्ध कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती आणि ती पासष्टवर आली थेट १९१६ मध्ये. त्या काळी सत्तरी गाठणारे कामगार थोडे, आणि ज्यांनी गाठली त्यांच्यापुढे उरलेला काळही थोडाच असे. आज जगाची सरासरी पाहिली, तर साठीला पोचलेल्या माणसापुढे साधारण वीस वर्षे असतात. एवढा दीर्घ काळ केवळ विश्रांतीवर निघत नाही, आणि त्याची तयारी निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करणे म्हणजे तिला फार उशीर करणे होय.

मध्यमवयाबद्दल आपल्या मनात जी खिन्न प्रतिमा बसली आहे, तीही तपासून पाहिली पाहिजे. ‘मध्यमवयातील पेचप्रसंग’ ही संकल्पना एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली एका निबंधात मांडली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की चाळिशीनंतर माणसाने अस्वस्थ व्हायचेच असते, असा समज रूढ झाला. पुढे अमेरिकेत मध्यमवयाची मोठ्या प्रमाणावर पाहणी झाली, तेव्हा बहुसंख्य लोकांनी असा पेचप्रसंग आपल्या वाट्याला आल्याचे सांगितले नाही. मला याहून अधिक मोलाचे वाटते ते बर्निस न्यूगार्टन या मानसशास्त्रज्ञ विदुषीचे निरीक्षण. मध्यमवयात माणसाची काळ मोजण्याची पद्धत बदलते, असे त्यांना आढळले. तोवर आपण जन्मापासून किती वर्षे झाली हे मोजत असतो, आणि मग केव्हातरी किती वर्षे उरली हे मोजू लागतो. या मोजणीने काहींना धास्ती वाटते, हे खरे आहे. परंतु कशाला हो म्हणायचे आणि कशाला नाही, याचा निवाडा करण्यासाठी इतके उपयुक्त माप आयुष्यात आधी कधीच आपल्या हाती आलेले नसते.

आता शिकण्याविषयी. ‘या वयात नवीन काही डोक्यात शिरत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि ते अर्धवट सत्य आहे. वॉर्नर शाय यांनी अमेरिकेतील सिएटल येथे १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांची दर सात वर्षांनी पुन्हा पुन्हा बौद्धिक चाचणी घेतली. आकलनाचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू कमी होतो, हे त्यातून दिसले. पण त्याचबरोबर शब्दसंपत्ती, उदाहरणांवरून नियम शोधून काढण्याची क्षमता आणि शब्दांची स्मृती या बाबतींत माणसे मध्यमवयात सर्वाधिक सक्षम असल्याचेही दिसले. नवी भाषा शिकणाऱ्या पन्नाशीतल्या विद्यार्थ्याकडे पाहिले की हे लगेच ध्यानात येते. नवा शब्द त्याला चार वेळा घोकावा लागतो, पण वाक्यरचनेमागचा नियम त्याला शेजारच्या विशीतल्या विद्यार्थ्याच्या आधी उमगतो.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी पन्नाशीच्या जवळ असताना व्हायोलिन शिकायला घेतले. नोकरी जबाबदारीची होती, त्यामुळे आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि त्याही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. पहिले कित्येक आठवडे त्यांच्या शिक्षिकेने त्यांना डाव्या हाताची बोटे तारांवर ठेवूच दिली नाहीत. मोकळ्या तारेवरून गज सरळ रेषेत, एकाच दाबाने, शेवटच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तसाच परत आणायचा, एवढेच काम. कार्यालयात ज्यांच्या सहीवाचून कागद हलत नसे, ते इथे खांदा सैल सोडण्याच्या सूचना निमूटपणे ऐकत उभे राहत. त्यांनी मला नंतर सांगितलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दिवसभर आपल्याला जमणारे काम आपण केलेले असे, म्हणून संध्याकाळी न जमणारे काम करताना मनाला लागत नसे, असे ते म्हणाले.

यात मध्यमवयाचे खरे सामर्थ्य आहे आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. नवशिकेपणा सहन करायला आत्मविश्वास लागतो, आणि तो आपल्याला आपल्या नित्याच्या कामातून मिळत असतो. निवृत्तीनंतर पद गेलेले असते, रोज सल्ला विचारायला येणारी माणसे येईनाशी झालेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पहिल्यांदा चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसलो आणि रेघ वाकडी गेली, तर ती वाकडी रेघ दुप्पट बोचते. कितीतरी माणसे निवृत्तीनंतर मोठ्या उमेदीने एखादा छंद धरतात आणि दोन-तीन महिन्यांत सोडून देतात, त्यामागे आळस क्वचितच असतो. नवशिकेपणाचा हा कठीण काळ नोकरी चालू असतानाच उरकून घेतला, तर पुढे मोकळा वेळ मिळतो तेव्हा हात बसलेला असतो आणि गोडीही लागलेली असते.

शिकण्याइतकेच शिकवणेही या वयाचे काम आहे. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आयुष्याचे टप्पे सांगताना, पुढच्या पिढीला काहीतरी देणे की आपल्यातच साचून राहणे, हा मध्यमवयाचा मुख्य प्रश्न मानला होता. हे देणे प्रत्यक्षात फार साधे असते. एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याने तयार केलेल्या पत्रात चूक दिसली, की ते आपल्याकडे ओढून घेऊन दोन मिनिटांत दुरुस्त करणे सोपे जाते. त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसणे, तो चूक कशी शोधतो हे पाहणे आणि ओठांवर आलेले उत्तर दोन मिनिटे थोपवून धरणे याला मात्र मनाची तयारी लागते. काय करायचे हे नियमपुस्तकात असते; ते तसेच का करायचे, कोणाला आधी फोन करून मगच कागद पाठवायचा, जुन्या करारातले एखादे कलम कोणत्या अनुभवानंतर घातले गेले, हे फक्त आपल्या डोक्यात असते. ते शेवटच्या महिन्यात घाईघाईने सांगून होत नाही. पाच वर्षे आधीपासून ते सांगत राहिले आणि थोडे लिहूनही ठेवले, तर काम सुपूर्द करतानाची हुरहूर बरीच कमी होते, कारण आपले काम आपल्याविना चालताना पाहण्याची सवय आपल्यालाही झालेली असते.

शरीराच्या बाबतीत मी दोनच गोष्टींवर भर देईन. पहिली गोष्ट स्नायूंची. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. चालायला जाणारे पुष्कळ असतात, पण हा दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षातच नसतो. हात छातीवर दुमडून साध्या खुर्चीतून उठून पाहा, पुन्हा बसा आणि असे सलग दहा वेळा करा. गुडघ्यांचा किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र करू नका. सातव्या-आठव्या वेळी हात आपोआप खुर्चीच्या दांडीकडे जाऊ लागले, तर मांड्यांना कामाची गरज आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट कानांची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात चौदा घटक दाखवून दिले, ज्यांच्यावर उपाय झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याची शक्यता आहे. त्यांत ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हे विशेषतः मध्यमवयाशी निगडित घटक आहेत. वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली की आपण विनासंकोच चष्मा लावतो, पण कानाचे यंत्र लावायला मात्र वर्षानुवर्षे टाळाटाळ करतो आणि तोवर गप्पांमधून हळूहळू बाहेर पडत जातो. हा संकोच सोडला पाहिजे.

पैशाविषयी तज्ज्ञ मंडळी सविस्तर बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. खर्च साधारण किती वर्षांत दुप्पट होईल हे काढायला बहात्तरला महागाईच्या वार्षिक टक्क्यांनी भागायचे, असा एक ढोबळ नियम आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर बहात्तरला सहाने भागून येणाऱ्या बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे आज अठ्ठेचाळीस वर्षांच्या असलेल्या माणसाचा आजचा खर्च साठाव्या वर्षी दुप्पट आणि बहात्तराव्या वर्षी चौपट होईल. निवृत्तीनंतर जेवढे उत्पन्न अपेक्षित आहे, आजच्या किमतींत तेवढ्यावरच तीन महिने घर चालवून पाहावे आणि उरलेली रक्कम बाजूला टाकावी. कागदावरच्या कोणत्याही हिशेबापेक्षा त्यातून अधिक कळते.

माणसांची गोष्ट मात्र थोडक्यात आटोपण्यासारखी नाही. हार्वर्ड विद्यापीठाचा प्रौढ जीवनाचा अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यात सहभागी झालेल्यांची पन्नाशीतली माहिती पुन्हा तपासली, तेव्हा ऐंशीव्या वर्षी कोण अधिक निरोगी असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांमधील समाधानावरून अधिक चांगला बांधता आला. आपली रोजची बरीच मैत्री कामाच्या जागेवर उभी असते आणि ती जागा सुटली की तीही सहसा विरळ होते. म्हणून कामाशी काहीही संबंध नसलेली दोन-तीन माणसे आपल्या आठवड्यात असावीत, आणि त्यांना भेटण्याचा दिवस ठरलेला असावा. ‘कधीतरी भेटू’ म्हटलेली भेट बहुधा होत नाही.

एकीकडे शिकणारी मुले आणि दुसरीकडे आजारी आईवडील, अशा दुहेरी जबाबदारीत असलेले श्रोते हे ऐकून कदाचित मनातून खट्टू होत असतील. तुमच्याकडे खरोखरच वेळ नाही, आणि जी सेवा तुम्ही करत आहात ती कोणत्याही छंदापेक्षा मोठी आहे. तुमच्यापुरते मी एवढेच म्हणेन की आठवड्यातला एक अर्धा तास आपल्या नावाने राखून ठेवा आणि तेवढ्या वेळाची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी स्पष्ट शब्दांत सोपवा.

ज्यांना शक्य आहे, त्यांनी पुढच्या वर्षीच्या रजेतला एक आठवडा कुठेही न जाता घरीच काढून पाहावा, जणू निवृत्त झालो आहोत अशा रीतीने. कामाचे फोन नकोत, तुंबलेली घरकामेही नकोत. पहिले दोन दिवस झोपेत आणि आरामात छान जातील. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आपण काय करतो, कोणाला फोन करावासा वाटतो, कोणत्या खोलीत जाऊन बसतो आणि घरातल्या इतरांना आपल्या दिवसभर असण्याची अडचण होते का, हे प्रामाणिकपणे टिपून ठेवावे. मग जोडीदारासमोर ते टिपण ठेवून, त्यातल्या रिकाम्या राहिलेल्या तासांपैकी कोणत्या तासांसाठी येत्या महिन्यापासून काय सुरू करायचे, हे दोघांनी मिळून ठरवावे.

धन्यवाद.