काळं ऑइल, गोरं ऑइल
(कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्री आणि गाडीमालकांपुढे झालेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

मंडळी, उद्यमनगरात येऊन इंजिनावर बोलायचं म्हणजे धाडसच. तरी सांगतो. डिझेल गाडीचं ऑइल बदललं, गाडी गगनबावड्याला जाऊन आली, की मालक डिपस्टिक काढून फडक्याला पुसतो आणि गॅरेजवर येऊन म्हणतो, "मिस्त्री, जुनंच घातलंय की ओ!" कारण ऑइल काळंकुट्ट. अहो, डिझेलमध्ये ते काळं पडणारच.

डब्यात साधारण 75 ते 90 टक्के बेस ऑइल असतं. बाकीची अॅडिटिव्ह, म्हणजे त्यात मिसळलेली रसायनं. त्यातलं डिस्पर्संट काजळीचा एकेक कण सुटा धरून ठेवतं. कण तेलात तरंगतात आणि ड्रेन नट खोलला की तेलाबरोबर बाहेर पडतात. डिस्पर्संट संपलं, की तेच कण एकमेकांना चिकटतात, गाळ होतो आणि पंपाच्या जाळीवर बसतो. उलट सीएनजी गाडीचं ऑइल बरेच दिवस गोरं दिसतं, म्हणून मालक बदलायचं टाळतो. रंगाला भुलायचं नाही. ज्वलनातून येणारं आम्ल मारायला त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं डिटर्जंट असतं. ते खर्च होत जातं आणि डिपस्टिकवर काही दिसत नाही.

आता माझं आवडतं, झिंक. पूर्ण नाव झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. तुम्ही झेडडीडीपी म्हणा. व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि टॅपेट जिथं घासतात तिथं तेलाचा थर फाटतो. त्या दाबात आणि उष्णतेत झेडडीडीपी फुटतं आणि लोखंडावर काचेसारखा थर धरतं. जाडी सुमारे 100 नॅनोमीटर, केसाच्या काहीशेव्या भागाएवढी! हा थर झिजतो, पुन्हा तयार होतो. टॅपेट वाचतं ते असं.

मग भरपूर झिंक घाला की, असं कुणी म्हणेल. तिथंच घोळ आहे. जळलेल्या ऑइलबरोबर त्यातला फॉस्फरस सायलेन्सरकडे जातो आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. बीएस-6 डिझेलचं दुखणं वेगळं. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळता येते, पण अॅडिटिव्हमधल्या धातूंची राख जळत नाही, आतच साठते. तिथं कमी राखेचंच ऑइल लागतं. वरून ओतायच्या जादूच्या बाटल्या तर मी घेतच नाही. कंपनीनं सगळी अॅडिटिव्ह एकमेकांना तोलून घातलेली असतात. आपण एक वाढवलं, तर ते दुसऱ्याची लोखंडावरची जागा बळकावतं.

बुलेटवाल्यांनो, गाडीचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारच्या ऑइलमधलं घर्षण कमी करणारं अॅडिटिव्ह प्लेटांवर बसलं, तर क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' हा जपानी मानकाचा शिक्का बघूनच घ्या. 'एमबी' स्कूटरसाठी.

मागून प्रश्न आलाय, उसाच्या ट्रॅक्टरचं काय? कारखान्याच्या नंबरात इंजिन चालू ठेवून रात्र काढता ना? किलोमीटर शून्य, पण काजळी आणि आम्ल चालूच. त्याचं ऑइल तासांच्या मीटरवर बदला, आणि उभ्या उभ्या इंजिन चालू राहिलेले तासही धरा.