आधी स्पर्श, मग शब्द

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, अजून पहिलाच अध्याय चालू आहे आणि एक कुष्ठरोगी येशूसमोर येऊन गुडघे टेकतो. म्हणतो, तुझी इच्छा असेल तर तू मला शुद्ध करू शकतोस. मला बरं कर असं सरळ मागायचीसुद्धा त्याची हिंमत होत नाही, कारण यहुद्यांच्या नियमशास्त्राप्रमाणे त्याने वस्तीबाहेर राहायचं, कपडे फाडलेले, केस मोकळे, आणि अशुद्ध, अशुद्ध असं स्वतःच ओरडत फिरायचं. अशा माणसाला शेवटचा कोणी हात लावला होता ते त्याला तरी आठवत असेल का?

येशूला त्याचा कळवळा येतो. आणि तो आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, "माझी इच्छा आहे, शुद्ध हो" हे शब्द त्यानंतर येतात. आता बघा, हात लावायची तशी गरजच नव्हती, दुसऱ्या एका प्रसंगात शताधिपतीचा, म्हणजे रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याचा, चाकर तर दूर घरात पडून होता आणि नुसत्या शब्दाने बरा झाला. पण इथे येशू शिवतो, आणि तेही तो माणूस अजून कुष्ठरोगी असताना. देवाची करुणा म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी आधी हाच प्रसंग वाचायला सांगेन.

पाचव्या अध्यायात उलटं होतं. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची १२ वर्षांची मुलगी मरायला टेकलीये, येशू घाईत तिच्या घरी निघालाय, आणि गर्दीत एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. १२ वर्षं रक्तस्राव, होतं नव्हतं ते सगळं वैद्यांवर खर्च झालेलं आणि दुखणं वाढलेलंच. ती तर त्याच क्षणी बरी झाली, मग येशूने पुढे जायला हवं होतं ना? तो थांबतो. मला कोणी शिवलं असं विचारतो, घाबरलेल्या त्या बाईचं सगळं ऐकून घेतो, तिला "मुली" म्हणतो आणि शांतीने जा असं सांगतो. इतकी वर्षं अशुद्ध म्हणून बाजूला ठेवलेली बाई, तिला सगळ्यांसमोर आपली म्हटलं. तेवढ्यात याईराची मुलगी वारल्याची बातमी येते, आणि येशू तिकडे जाऊन तिचाही हात धरून तिला उठवतो.

हा स्पर्श पुढे चालू राहिला. इसवी सन ३७० च्या सुमारास बिशप बासिल यांनी कैसरिया शहराबाहेर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आजारी आणि गरीब लोकांसाठी मोठी वसाहत उभी केली, आणि कुष्ठरोग्यांना ते स्वतः जवळ घ्यायचे. १८७३ साली बेल्जियमचे फादर डेमियन हवाईच्या मोलोकाई बेटावर गेले, जिथे कुष्ठरोग्यांना सक्तीने नेऊन ठेवलं जायचं. त्यांनी जखमा धुतल्या, घरं बांधली, मेलेल्यांसाठी शवपेट्या केल्या, एकाच भांड्यातून जेवले, पुढे त्यांनाही तोच रोग झाला आणि १८८९ मध्ये तिथेच ते वारले.

आता एक गोष्ट बोललीच पाहिजे. प्रार्थना करूनही बरं न झालेल्या माणसाला काही लोक सांगतात की तुझा विश्वास कमी पडला. हे फार क्रूर आहे, आधीच दुखण्याने पिचलेल्या माणसावर अजून एक ओझं, आणि बायबललाही धरून नाही. प्रेषित पौलाच्या शरीरात एक काटा होता, म्हणजे कसलातरी सततचा त्रास, तो निघावा म्हणून त्याने तीनदा प्रभूला विनवलं आणि उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

काटा निघाल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. पण काही वर्षांनी कैदी म्हणून रोमला नेताना जहाज फुटतं आणि पौल माल्टा बेटावर पोचतो, तिथल्या मुख्य माणसाचा बाप ताप आणि आमांशाने अंथरुणावर पडलेला असतो. पौल आत जातो, प्रार्थना करतो, त्याच्यावर हात ठेवतो. तो बरा होतो, आणि मग बेटावरचे बाकीचे आजारीही यायला लागतात.