टर्की, गोळी आणि कलम 64 अ

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात अमली पदार्थांची बातमी म्हणजे बहुतेक वेळा जप्तीची बातमी. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा साठा सापडला, तेव्हा किती किलो आणि किती कोटी हे सगळ्यांच्या तोंडी होतं. साठा पकडायलाच हवा. पण ज्या घरात मुलगा रोज पुडी ओढतो, त्या घराला प्रश्न पडतो तो आज रात्री काय करायचं हा.

पहिली भीती पोलिसांची. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा 1985 चा. त्यात नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे. हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र त्याच कायद्यात कलम 64 अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं. अल्प म्हणजे हेरॉइन 5 ग्रॅम, एमडी 2 ग्रॅम, गांजा 1 किलोपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं, म्हणून केसपेपर, फॉलोअपच्या तारखा, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. इतक्या उपयोगाचं कलम वकिलाकडे गेल्यावरच कळावं, हे काही बरं नव्हे.

आता गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच भेसळीचा प्रकार. ती बंद केली की टर्की येते: हातपाय तुटतात, नाक गळतं, जुलाब होतात, झोप उडते. शरीराची ही ओढ थांबवायला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी असते. ती गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. गिळली तर फारशी लागू पडत नाही. पहिला डोस मात्र घाईने देऊन चालत नाही. शेवटच्या गर्दनंतर साधारण बारा तास जावे लागतात आणि टर्कीची लक्षणं दिसावी लागतात. आधी दिली तर हीच गोळी उरलेल्या गर्दला हुसकावून लावते आणि एकदम जोरदार टर्की येते. मग पेशंट म्हणतो, ‘औषधानेच मला मारलं,’ आणि परत फिरकत नाही. दुसरी चूक घरच्यांची. महिन्याभरात मुलगा कामावर जायला लागला की ‘एक नशा सोडून दुसरी कशाला?’ म्हणत गोळी बंद करायला लावतात. ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हळूहळू कमी करायची असते. वर्ष लागलं तरी लागू दे.

सगळ्यात धोक्याचे दिवस केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात जुन्याच मापाने पुडी उघडतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर श्वास मंदावत जातो. ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घरघर: ही गाढ झोप नव्हे. मुठीच्या पेरांनी छातीच्या हाडावर जोरात घासा. जाग नाही आली तर 108 ला फोन करा आणि काय घेतलंय ते स्पष्ट सांगा. मान मागे करून, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्या. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. श्वास नीट सुरू झाला तर कुशीवर वळवा. मिठाचं पाणी, थंड आंघोळ, उलटी काढणं, यातलं काही करू नका. नॅलोक्सोनचं, म्हणजे गर्दवर उतारा असलेलं इंजेक्शन मिळाल्यावर पेशंट उठून बसतो आणि घरी जाऊ म्हणतो. जाऊ देऊ नका. त्याचा असर तास-दीड तासात उतरतो, गर्दचा त्यानंतरही उरू शकतो.

एमडीची गोष्ट निराळी. तिला अशी बदली गोळी नाही, उतारा देणारं इंजेक्शनही नाही. अंग तापणं, छातीत धडधड, संशय, भास यांवर रुग्णालयातच उपचार होतात; पुढे समुपदेशन आणि चिकाटी.

केंद्र निवडताना पत्र्याच्या खोलीत बांधून ठेवणाऱ्यांपासून लांब राहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा समावेश मानसिक आजारात आहे आणि पेशंटला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतंय. कुठेही जा, तीन गोष्टी आधी विचारा: नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का. पत्ता हवा असेल तर 14446 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.