स्लॅबखालचा भराव नुसतं पाणी सोडल्याने बसत नाही | जमिनीवरच्या स्लॅबची तयारी आणि ओतकाम

नमस्कार मंडळी. जमिनीवर टाकायच्या स्लॅबवर व्हिडिओ करा, असं तुम्ही कधीपासून सांगताय. म्हणजे छताचा नव्हे, थेट जमिनीवर बसणारा, ज्याच्यावर तळमजला उभा राहतो तो स्लॅब. तुमचे प्रश्न वाचले. सिमेंट कोणतं घ्यावं, सळई किती जाडीची, काँक्रीटचा माल एम-20 ताकदीचा की एम-25 चा, केमिकल घालायचं का. उत्तरं देणार आहे. पण स्लॅबच्या खाली काय आहे, हे एकानेही विचारलेलं नाही, आणि मला मुख्यतः त्याच्यावरच बोलायचंय. तडा गेलेले, खचलेले जे स्लॅब मी बघायला जाते, त्यांतल्या बहुतेकांचं काँक्रीट चांगलं असतं. खालचा भराव खाली गेलेला असतो.

सुरुवातीची कामं भरभर सांगते, ती तुम्हाला माहीत आहेत. आखणी करा, कर्ण मोजून काटकोन तपासा. वरची सुपीक माती, मुळं, पालापाचोळा, जुना राडारोडा सगळं उचलून बाहेर टाका. मुळं कुजतात आणि तिथे पोकळी राहते. आजूबाजूच्या जमिनीचा उतार इमारतीपासून लांब जाईल असा ठेवा. मूळ जमीन उघडी पडली की तिच्यावरूनही रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे माती ठोकून दाबणारं सपाट तळाचं मशीन, फिरवा. काळी चिकण माती लागली तर मात्र थांबा. ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि स्लॅबला वर-खाली करत राहते. तिथे माती परीक्षण करून इंजिनिअरकडून डिझाइन घ्यायला पर्याय नाही. व्हिडिओ बघून ते ठरवू नका, माझाही नको.

आता भराव. जोत्याच्या भिंती उभ्या राहिल्या, मधे खड्डा आहे, तो भरायचाय. होतं काय, तर गाडी येते, मुरूम एकदम ओतला जातो, वरपर्यंत भरतो, फावड्याने सारखा केला जातो, आणि मग पाइप सोडून देतात रात्रभर. सकाळी पाणी मुरलेलं असतं, माती चार बोटं खाली गेलेली असते, आणि सगळे खूश. "बसला भराव!" नाही बसला. हे मी वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे, कारण हे एकदा सांगून कुणालाच पटत नाही.

पहिली बाजू, पाणी मातीत करतं काय? कोरड्या मातीत कण एकमेकांना अडतात, कितीही कुटलं तरी सरकत नाहीत. थोडा ओलावा आला की ते सरकतात, एकमेकांच्या फटीत जाऊन बसतात. ओलावा आणखी वाढला की फटींत पाणीच भरतं. आणि पाणी दाबून लहान होत नाही. मग रोलर फिरला की माती नुसती लचकते, पुढे दबते, मागे वर येते. म्हणजे प्रत्येक मातीचा एक नेमका ओलावा असतो, ज्यावर ती सगळ्यात जास्त घट्ट होते. हे 1933 मध्ये लॉस एंजेलिसच्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरने मांडलं. मातीची धरणं बांधताना भराव पुरेसा दबला की नाही हे ठरवायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याच्या नावाची चाचणी आजही जगभर करतात. लोखंडी साच्यात माती तीन थरांत भरायची, प्रत्येक थरावर सुमारे अडीच किलोचा हातोडा 305 मिलिमीटर उंचीवरून 25 वेळा पाडायचा, आणि ओलावा बदलत बदलत घनता मोजायची. वाळूमिश्रित मातीत हा योग्य ओलावा साधारण 8 ते 12 टक्के येतो, चिकण मातीत त्याहून बराच जास्त. रात्रभर पाइप सोडल्यावर माती या आकड्याच्या कुठल्या कुठे पुढे निघून जाते.

हातानेही अंदाज घेता येतो. (मूठ कॅमेऱ्याजवळ) हा मुरूम घेतला, मूठ घट्ट दाबली, उघडली. गोळा झालाय, बोटांचे ठसे दिसतायत, तळहात ओलसर आहे पण चिखल लागलेला नाही. आता दोन अंगठ्यांनी मोडते. बघा, दोनच तुकडे झाले, कड स्वच्छ. हा ओलावा बरोबर. गोळा हातातच भुसभुशीत होऊन सांडला तर कोरडी आहे, पाणी शिंपडा आणि फावड्याने खालीवर करा. गोळा न मोडता दबला, हाताला चिकटला, तर ओली आहे. पसरून सुकू द्या. जोत्यात घालू नका.

दुसरी बाजू, थर. प्लेट कॉम्पॅक्टरचा दाब खोलवर जात नाही. म्हणून सैल माती 150 ते 200 मिलिमीटर पसरायची, दाबायची, मग पुढचा थर. हातातल्या धुम्मसने करणार असाल तर थर त्याहूनही पातळ, 100 च्या आसपास. जोत्याच्या भिंतीवर आतल्या बाजूने खडूने रेघा मारून ठेवा, मजुरांना सांगा रेघेच्या वर माती जायची नाही. एक मीटरचा भराव एकदम टाकून वरून कॉम्पॅक्टर फिरवला तर वरचा थर दगडासारखा लागतो आणि त्याच्याखाली सगळं सैल. तो सैल भराव पुढे तीन टक्के जरी बसला तरी 30 मिलिमीटर झाले. स्लॅबखाली 30 मिलिमीटरची मोकळी जागा, आणि वरून काहीच दिसत नाही.

कोपरे आणि भिंतीलगतची पट्टी हे आणखी एक दुखणं. मोठं मशीन तिथे पोचत नाही, म्हणून ती जागा सोडून देतात. तिथे जंपिंग रॅमर लावा किंवा धुम्मस घ्या. मजूर कंटाळतात, समजतं मला, पण तिथे स्वतः उभं राहा.

आणि पाइपचे चर! सांडपाण्याचा पाइप टाकायला चांगला दाबलेला भराव खोदतात, पाइप टाकतात, आणि चर फावड्याने बुजवून मोकळे होतात. एका घरात मला बोलावलं होतं, हॉलमधून न्हाणीघराकडे फरशीत सरळ रेषेत तडा. घरच्यांनी फरशी बदलली, तडा पुन्हा त्याच जागी. मी लोखंडी सळईच्या टोकाने ठोकत गेले. दोन्ही बाजूंना भरीव आवाज, आणि तड्याच्या दोन्ही अंगांना वीतभर पट्टा पोकळ. जुना नकाशा काढला तर पाइप नेमका त्याच रेषेत. सिमेंट भेसळीचं होतं का, असं ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. सिमेंटचा काही संबंध नव्हता. चरही थरांनीच बुजवायचा, पाइपच्या दोन्ही बाजूंना आधी हाताने दाबून, मग वर.

तिसरी बाजू, वजन. बरेच जण लिहितात, "ताई, एवढा जड स्लॅब पडल्यावर माती आपोआप दबेल की." हिशोब करूया. 150 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला सुमारे 375 किलो. ऐकायला मोठं वाटतं. पण माणूस एका पायावर उभा राहिला की पावलाखाली जो दाब येतो, तो याच्या दहापटीच्या आसपास असतो. तुम्ही त्या भरावावर चाललात तेव्हाच स्लॅबपेक्षा जास्त दाब देऊन गेलात. स्लॅब मातीला दाबत नाही. त्याला फक्त आधार हवा असतो, आणि तो सगळीकडे सारखा हवा असतो. एका कोपऱ्याखाली खडक आणि बाकी भराव असेल तरी तडा जातो, कारण खडक हलत नाही आणि भराव बसतो. अशा ठिकाणी खडक थोडा फोडून वर दाबलेल्या मुरमाची गादी देतात.

आता तो कमेंट, जो प्रत्येक व्हिडिओखाली येतो: आमचे जुने मिस्त्री आयुष्यभर पाणी सोडूनच भराव बसवत आले, त्यांची घरं उभी आहेत. मिस्त्रींच्या अनुभवाला माझा मान आहे. पण त्या भरावाला पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष मोकळं मिळायचं, आणि वर ताठ काँक्रीट नसायचं. जमीन थोडी बसली तर वरची फरशी उचलून पुन्हा बसवता यायची. आज भराव सोमवारी आणि स्लॅब गुरुवारी टाकतात. शिवाय जोत्याच्या चार भिंतींत पाणी सोडलं की तो हौद होतो, पाणी भिंतींना बाहेर ढकलतं आणि खालची मूळ जमीनही भिजून मऊ पडते. एक अपवाद आहे, तोही सांगते. स्वच्छ, जाड वाळू असेल आणि पाणी खालून निघून जात असेल, तर पाणी आणि व्हायब्रेटर मिळून वाळू बऱ्यापैकी बसते. मुरूम, माती, चिकण माती, यांना हे लागू नाही.

मोठं काम असेल तर दर थराला घनता तपासून घ्या, सँड रिप्लेसमेंटने (खणलेला खड्डा मोजलेल्या वाळूने भरून) किंवा कोअर कटरने (लोखंडी नळीने मातीचा नमुना काढून). प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 95 टक्के, हा आकडा बहुतेक कामांत मागितला जातो. छोट्या घराला एवढं जमत नसेल तर निदान 12 मिलिमीटरची सळई हाताने ठिकठिकाणी खुपसून बघा. ही चाचणी नव्हे, पण एके ठिकाणी चार बोटं जाते आणि दुसरीकडे हातभर, हे तरी कळतं.

आता पुढचं. भरावावर खडीचा थर, 100 ते 150 मिलिमीटर, दाबून. त्यावर टोकदार खडी झाकली जाईल इतकी बारीक वाळू. मग 250 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, जोड किमान 150 मिलिमीटर एकमेकांवर आणि टेप लावून. हा जमिनीतली ओल वर येऊ देत नाही. भोक पडलं तर ठिगळ लावा. शटरिंग लेव्हलला, खुंट्या पक्क्या.

सळईचं थोडक्यात. जाळी कागदावर पसरून ठेवायची आणि माल ओतताना आकड्याने वर ओढायची, हे अजिबात नको. ओढलेली जाळी पुढच्या पावलाला परत खाली जाते. कव्हर ब्लॉक, चेअर, म्हणजे जाळी उचलून धरणारे ठोकळे आणि सळईचे आधार, आधी लावा. एकच जाळी असेल तर ती आकसण्याचे तडे आवरण्यासाठी असते आणि वरच्या तिसऱ्या भागात लागते. दोन जाळ्यांचा राफ्ट, म्हणजे घराचा भार घेणारा पायाचाच स्लॅब, असेल तर ड्रॉइंगप्रमाणे, त्यात मिस्त्रीने बदल करायचा नाही.

माल एम-20 की एम-25, ते ड्रॉइंग सांगेल. माझं मत, जमिनीला लागून असलेल्या कामाला एम-25 घ्या. पाणी आणि सिमेंटचं प्रमाण अर्धं धरलं तर 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी, आणि वाळूत असलेली ओल त्यातूनच वजा करायची. माल पसरत नाही म्हणून वरून बादली ओतू नका. पसरायला सोपा हवा असेल तर प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं केमिकल, वापरा. केमिकल घालायचं का, याचं उत्तर हेच. सिमेंटच्या ब्रँडवर मी बोलणार नाही. गोणी ताजी असावी, गाठी नसाव्यात, एवढं पुरतं.

ओतायच्या आधी कागदावर साचलेलं पाणी काढा. एका टोकाकडून सुरुवात करा, मधे जेवायला थांबायचं नाही, माणसं आळीपाळीने पाठवा. व्हायब्रेटरची नीडल उभी घाला, 5 ते 15 सेकंद, बुडबुडे थांबले की हळूहळू बाहेर. नीडलने माल ढकलू नका, खडी मागे राहते आणि लगदा पुढे जातो. पट्टी मारल्यावर वर पाणी येतं. ते असताना रंधा फिरवायचा नाही, आणि त्यावर कोरडं सिमेंट तर मुळीच भुरभुरायचं नाही. तो पापुद्रा पुढे सुटतो. पाणी जाऊ द्या, मग रंधा.

तडा ठरलेल्या रेषेतच जावा म्हणून कट मारायचे असतील तर जाडीच्या पाव खोल, 150 च्या स्लॅबला साधारण चार मीटरवर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबू नका, तोवर तडा त्याची जागा स्वतः शोधतो. क्युअरिंग किमान सात दिवस, फ्लाय ॲशचं सिमेंट असेल तर दहा. आळी करून पाणी साठवा किंवा गोणपाट सतत ओलं ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला आणि दुपारी स्लॅब पांढरा पडला, तर ते क्युअरिंग होत नाही. ही एक जागा, जिथे पाणी हवं तितकं सोडा.

ज्यांचा भराव आधीच एकदम टाकून झालाय आणि स्लॅब अजून पडलेला नाही, त्यांच्यासाठी: उपसा आणि थरांनी परत भरा. त्रासाचं काम आहे, पण स्लॅब पडल्यावर तो रस्ता उरत नाही. मग स्लॅबला भोकं पाडून दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ लगदा, सोडावं लागतं. कमेंटमध्ये भरावाची खोली, मातीचा प्रकार आणि पाणी कधी सोडलं होतं, तिन्ही लिहा. नुसतं "ताई, तडा गेला, काय करू" लिहिलंत तर मला काही सांगता येणार नाही. मुठीत दाबलेल्या मातीचा फोटो टाकलात तर फारच चांगलं.