दाखल्यावर बाळाचं नाव आहे ना?

श्रोतेहो, नमस्कार. लहान मुलाचा पासपोर्ट काढायचा असेल, तर सगळ्यात आधी जन्माचा दाखला हातात घ्या आणि त्यावर बाळाचं नाव आहे का, ते बघा.

माझी धाकटी बहीण ठाण्यात, कोपरीला राहते. बाळंतपणाला ती चिपळूणला आईकडे गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, असं मला आजही ठाम वाटतं. आईच्या हातची शेकशेगडी, अळिवाची खीर, रात्री बाळाला घ्यायला हक्काचं माणूस. ही विश्रांती सासरी कितीही माया असली तरी मिळत नाही. तर, जन्माची नोंद लगेच झाली, दाखलाही लगेच आणला आणि बारसं झालं नंतर. दाखला फाइलमध्ये गेला तो दीड वर्ष तसाच.

वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मी सोबत गेले होते. टोकन लागलं. खिडकीपलीकडच्या मुलीने दाखल्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. "ताई, इथे बाळाचं नाव नाही." बहिणीच्या कडेवर ईरा बिस्किट चोखत होती. जिला आम्ही दिवसातून शंभरदा हाक मारायचो, तिच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ! बहिणीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

जन्म जिथे नोंदवला, तिथेच नाव घालून मिळतं. भाऊजींनी रजा टाकली, पहाटेची एसटी धरली, अर्ज केला, विलंब शुल्क भरलं. मग पुन्हा अपॉइंटमेंट.

बाकीचे कागद सांगते. आई-वडिलांचे पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे पासपोर्टला दोघांची संमती असल्याचं घोषणापत्र. एकाचीच संमती मिळत असेल तर अ‍ॅनेक्शर सी. मूळ कागद न्या, सही केलेल्या झेरॉक्सही न्या. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

म्हणून पुन्हा सांगते, दाखल्यावर नाव हवं. बाळाचं नाव. नोंदणीपासून 12 महिन्यांत ते विनाशुल्क घालून मिळतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आज रात्री जेवणं आटोपली की फाइल काढाच.