रॉकेट थांबलं, कारण जहाज पोचलं नव्हतं

२८ ऑक्टोबर २०१३. मंगळयान घेऊन पीएसएलव्ही रॉकेट याच दिवशी श्रीहरिकोट्याहून झेपावणार होतं. पण घोडं अडलं ते दक्षिण प्रशांत महासागरात. खवळलेल्या समुद्रामुळे ‘नालंदा’ हे जहाज फिजीला उशिरा पोचलं आणि उड्डाण ५ नोव्हेंबरवर गेलं.

एका जहाजासाठी रॉकेट थांबवायचं?

थांबवावंच लागतं. रडार काय, अँटेना काय, सरळ रेषेत बघतात. रॉकेट क्षितिजाखाली उतरलं की किनाऱ्यावरच्या केंद्राला ते दिसेनासं होतं. या उड्डाणात तिसरा टप्पा संपल्यावर रॉकेट जवळपास २५ मिनिटं इंजिन न पेटवता नुसतं पुढे जाणार होतं, आणि चौथा टप्पा पेटणार होता तो थेट प्रशांत महासागरावर. खाली नुसतं पाणी. म्हणून रॉकेटवर नजर ठेवायला ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ ही दोन जहाजं तिथे हवी होती.

पण जहाज डोलतं. डेक खालीवर होत असताना अँटेना आकाशातल्या एका ठिपक्यावर रोखून धरायची. शिवाय आपण नक्की कुठे आहोत, हेच चुकलं तर रॉकेटची जागाही तेवढीच चुकणार.

सोव्हिएत संघाने तर १९७१ मध्ये ‘कॉस्मोनॉट युरी गागारिन’ हे २३१ मीटर लांबीचं जहाज उतरवलं. त्याच्यावर २५ मीटर व्यासाच्या दोन अवाढव्य तबकड्या! जोराचा वारा सुटला की त्यांची शिडंच होत असणार. सोव्हिएत संघ कोसळला, जहाज धक्क्याला लागलं. १९९६ मध्ये ते गुजरातेत अलंगला तोडण्यासाठी आलं, तेव्हा ‘गागारिन’मधली (Gagarin) पुढची-मागची अक्षरं जाऊन नाव उरलं होतं नुसतं ‘आगार’ (Agar).

आता अंतराळयानांची बरीचशी खबर उपग्रहच पोचवतात. क्षेपणास्त्रांचं मात्र वेगळं. शत्रूचं क्षेपणास्त्र स्वतःहून काही कळवत नाही; त्याला रडारनेच हेरावं लागतं. क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज म्हणून अमेरिकेकडे ‘हॉवर्ड लॉरेन्झन’ आहे, फ्रान्सकडे ‘मोंज’, चीनकडे ‘युआन वांग’ मालिका. भारताचं ‘आयएनएस ध्रुव’ २०२१ मध्ये विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालं.

५ नोव्हेंबर २०१३, दुपारी २ वाजून ३८ मिनिटं. पीएसएलव्ही उडालं. तीन टप्पे सुरळीत. मग ती लांबलचक शांतता... आणि अखेर प्रशांत महासागरातून जहाजाचा संदेश आला. चौथा टप्पा पेटला होता.